बटणांचा फोन घ्यावा, की काचेवरच हात बसवावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पूर्वी तुमच्याकडे ब्लॅकबेरी बोल्ड ९९०० होता आणि त्यावर न बघता पानभर मजकूर लिहून व्हायचा. आता मोठ्या पडद्याचा टच फोन आहे. कामाच्या नोंदी रोज फोनवरच लिहाव्या लागतात, निम्म्या मराठीत, निम्म्या इंग्रजीत, आणि लिहिण्यापेक्षा खोडण्यातच जास्त वेळ जातो. बटणांचे नवे फोन पुन्हा निघालेत असं कळलं, तर तसा एखादा घ्यावा की काचेचीच सवय करावी? शिवाय कपाटातला जुना बोल्ड परत चालू होईल का, हेही विचारलंय.

बोल्डचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. ब्लॅकबेरीने आपल्या जुन्या प्रणालींच्या सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद केल्या. त्यानंतर त्या फोनवर कॉल, मेसेज किंवा इंटरनेट नीट चालेलच याची हमी कंपनीने स्वतःच काढून घेतली. बॅटरी नवी टाकली तरी रोजच्या कामाचा फोन त्यातून होणार नाही.

मी बरीच वर्षं मोबाइल दुरुस्तीच्या कामात आहे. बटणांचे फोनही भरपूर उघडलेत आणि काचेचे तर रोजच. तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझं मत असं: बटणांचा फोन लगेच घेऊ नका. बटणं हवीच असतील तर ती फोनपासून वेगळी घ्या. पण हे मत दोन गोष्टींवर अवलंबून आहे. एक, तुमच्या लिखाणात मराठी खरोखर किती. दोन, चुका नेमक्या कुठे होतात: बोटात, काचेत, की कीबोर्डच्या अ‍ॅपमध्ये. बहुतेक लोक हे तपासतच नाहीत, थेट नवा फोन शोधायला लागतात.

बटणांवर हात का बसतो ते आधी बघू. प्रत्येक बटणाखाली पत्र्याचा एक छोटा घुमट असतो, आम्ही त्याला डोम म्हणतो. दाबला की तो आत बसतो आणि सोडला की उसळतो. अक्षर उमटलं हे अंगठ्याला डोळ्यांच्या आधी कळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे न दाबता बटणावर अंगठा टेकवून ठेवता येतो, कडा चाचपडता येते. अंधारात घरातला दिव्याचा स्विच हाताला सापडतो, तसंच हे. काचेवर अंगठा टेकवला की अक्षर उमटलंच, म्हणून तो कायम हवेत धरावा लागतो आणि डोळ्यांनी वाट दाखवावी लागते. त्यात जे अक्षर दाबायचं तेच अंगठ्याखाली झाकलं जातं.

मग काचेवर लोक इतकं भराभर कसं लिहितात? कारण काच तुमचा स्पर्श जसाच्या तसा घेत नाही, ती अंदाज बांधते. शब्दात पुढे कोणतं अक्षर येण्याची शक्यता जास्त, हे ओळखून त्या अक्षराचं स्पर्शाचं क्षेत्र आतल्या आत वाढवलं जातं. डोळ्याला चौकट तेवढीच दिसते. २००७ च्या पहिल्या आयफोनपासून ही युक्ती आहे, आणि चुकलेला शब्द मागाहून दुरुस्त करणं हा त्याचाच पुढचा भाग. म्हणजे काचेवरची अचूकता निम्मी तुमच्या अंगठ्याची आणि निम्मी शब्दकोशाची.

तुमची मराठी इथेच अडकते असा माझा अंदाज आहे. इंग्रजी शब्दाची रूपं मोजकी असतात. मराठीत ‘दुकान’ या एका शब्दापासून दुकानात, दुकानातला, दुकानातल्यांना, दुकानासमोरच्यांनासुद्धा इथपर्यंत मजल जाते. एवढी सगळी रूपं शब्दकोशात नसली की यंत्राचा अंदाज लंगडा पडतो. वर ते बरोबर लिहिलेला शब्दही बदलून टाकतं, कारण त्याला तो ओळखीचा नसतो. तेव्हा एक साधी चाचणी करा. साधारण सारख्या लांबीचा एक परिच्छेद इंग्रजीत आणि एक मराठीत लिहा, आणि खोडण्याचं बटण कशात किती वेळा दाबावं लागलं ते मोजा. इंग्रजीत बरं चाललं आणि मराठीत घसरलं, तर दोष काचेचा नाही आणि बटणांचा फोन घेऊन तो जाणारही नाही. दोन्हीत सारखेच अडखळलात, तर मात्र पुढे मी फोन तपासायचं सांगितलंय ते आधी करा.

वेगाबद्दल दोन आकडे सांगतो, कारण ‘बटणांवर दुप्पट वेग मिळतो’ असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये फोनच्या आकाराच्या छोट्या बटणांवर लोकांना प्रत्येकी २० मिनिटांच्या २० बैठकांत सराव करायला लावला. सुरुवातीला मिनिटाला ३० च्या थोडे वर असलेले शब्द शेवटी सरासरी ६० पर्यंत गेले. दुसरीकडे आल्टो, केंब्रिज आणि ईटीएच झुरिच या विद्यापीठांनी २०१९ मध्ये ३७ हजारांहून जास्त लोकांचं टच फोनवरचं टंकन तपासलं, तेव्हा सरासरी मिनिटाला ३६ शब्दांच्या आसपास आली, दोन अंगठ्यांनी लिहिणाऱ्यांची ३८. हे दोन आकडे शेजारी ठेवून बटणं जिंकली असं म्हणायला मी तयार नाही. पहिल्यात मुद्दाम घोटवून घेतलेले मोजके लोक होते, दुसऱ्यात आपापल्या फोनवर सवयीने लिहिणारे, बहुतांशी तरुण. दोन्हीकडे भाषा इंग्रजी. मी यातून घेतो ते एवढंच की बटणांवरचा तुमचा जुना वेग बराचसा सरावाचा होता. त्या २०१९ च्या अभ्यासात आणखी एक कामाची गोष्ट आढळली: आपोआप दुरुस्ती चालू ठेवणाऱ्यांचा वेग जास्त होता, पण वर सुचवलेले शब्द बोटाने निवडत बसण्याने तसा फायदा दिसला नाही. सुचवण्या वाचण्यात जाणारा वेळ तिथे नडतो.

आता बटणांवर मराठी. खरेदीच्या वेळी हे कोणी विचारत नाही आणि फोन घरी आल्यावर डोक्याला हात लावतो.

फोनच्या बटणपट्टीवर अक्षरांची २६ बटणं असतात, वर स्पेस, एंटर, शिफ्ट आणि आकड्यांसाठी एक ऑल्ट. आकड्यांची वेगळी रांग बहुधा नसते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवलेली इनस्क्रिप्ट मांडणी पूर्ण आकाराच्या कीबोर्डसाठी आहे. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला येतात, शिकायला ती उत्तम आहे. पण ती २६ बटणांत मावत नाही. च अर्धविरामाच्या कळीवर, ट एकेरी अवतरणचिन्हाच्या, ड चौकटी कंसाच्या, य तिरप्या रेघेच्या, ष स्वल्पविरामाच्या कळीवर. ‘कृपया’मधला ऋकार बरोबरच्या चिन्हावर. यातल्या बहुतेक कळी फोनवर स्वतंत्र नसतातच. ‘डॉक्टर’ लिहून बघा: ड, अर्धचंद्राचा काना आणि ट, तिन्ही २६ अक्षरांच्या बाहेर. एका साध्या शब्दासाठी तीनदा ऑल्टची कसरत, तीही त्या मांडणीत ऑल्टवर ही अक्षरं बसवलेली असतील तर. रोज पानभर लिहिणाऱ्याने हे सहन करावं असं मला वाटत नाही.

दुसरा रस्ता रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याचा. काचेवर तो बऱ्याच जणांच्या अंगवळणी पडलाय. बटणांवर तो चालेल की नाही हे मात्र फोनपेक्षा कीबोर्डच्या अ‍ॅपवर ठरतं. काही अ‍ॅप्स पडद्यावरच्या स्पर्शाचं लिप्यंतर करतात, पण खऱ्या बटणाचा दाब थेट प्रणालीकडे सोडून देतात, आणि मग देवनागरीऐवजी नुसती रोमन अक्षरं उमटतात. काही अ‍ॅप्स नीट करतात. तेव्हा तुम्ही आज वापरता तेच अ‍ॅप त्याच बटणांवर मराठी उमटवतं का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेत्याचं ‘मराठी सपोर्ट आहे’ हे वाक्य इथे निरुपयोगी आहे, कारण फोनवर मराठी दिसणं आणि बटणांवरून मराठी लिहिता येणं यांत पुष्कळ अंतर आहे.

तिसरी बाजू फोन म्हणून फोनची. बटणांसाठी तुम्ही अख्खा फोन विकत घेता: त्याचा कॅमेरा, त्याचे अपडेट, त्याचे सुटे भाग, सगळं त्या बटणांच्या मागून येतं. मोठ्या कंपन्या या धंद्यातून केव्हाच बाहेर पडल्या. ब्लॅकबेरीने २०१५ मध्ये प्रिव्ह काढून अँड्रॉइडवर उडी मारली. मग टीसीएल या चिनी कंपनीने त्या नावाखाली २०१७ मध्ये कीवन आणि २०१८ मध्ये की२ आणले, आणि तो करार ऑगस्ट २०२० मध्ये संपला. त्याच महिन्यात ऑनवर्डमोबिलिटी नावाच्या कंपनीने नवा बटणांचा ब्लॅकबेरी जाहीर केला. २०२२ मध्ये ती कंपनीच बंद झाली, फोन आला नाही. आता मैदानात आहेत त्या युनिहर्ट्झसारख्या छोट्या कंपन्या. २०१९ चा टायटन, २०२१ चा टायटन पॉकेट, २०२२ चा टायटन स्लिम आणि २०२५ चा टायटन २ हे त्यांचे. पहिला टायटन ३०० ग्रॅमचा होता, खिशात ठेवला की शर्ट एका बाजूला ओढायचा.

छोट्या कंपन्यांना मी नावं ठेवत नाही, त्या नसत्या तर तुम्ही हा प्रश्नही विचारला नसता. पण दुरुस्तीच्या टेबलावरून दिसतं ते सांगतो. चालत्या ब्रँडच्या फोनचा फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा जोड, सहज मिळतो. बटणांच्या फोनची बटणपट्टी फुटली किंवा तिच्याखालची फ्लेक्स केबल, म्हणजे वाकणारी पातळ जोडपट्टी, गेली, तर बहुधा तसाच दुसरा बंद पडलेला फोन शोधून त्यातून भाग काढावा लागतो. बटणांखाली धूळ आणि घाम जातो, डोमवर गंज चढतो, मग एखादं अक्षर दोनदा उमटतं किंवा उमटतच नाही. सरकत्या कीबोर्डच्या फोनमध्ये पट्टी उघड-मीट होऊन फ्लेक्स वाकते आणि एक दिवस तुटते. बटणं घट्ट बसवलेला फोन त्यामानाने टिकाऊ, पण त्याचा पडदा आखूड किंवा चौकोनी असतो. सगळी अ‍ॅप्स उंच पडद्यासाठी बनवलेली असल्याने काहींमध्ये खालचं ‘पुढे’ बटण दिसेनासं होतं. शिवाय सुरक्षेचे अपडेट थांबले की बँकेची अ‍ॅप्स कुरकुरायला लागतात. तुमचा हाच एकमेव फोन असेल तर याचा विचार बटणांच्या आधी करा.

बटणांशिवाय चैनच पडत नसेल तर ती वेगळी घेण्याचे दोन प्रकार आहेत. एक, फोनला कव्हरसारखी चढणारी बटणपट्टी. २०२४ मध्ये आयफोनसाठी आलेलं क्लिक्स हे त्यातलं गाजलेलं. तिच्यामुळे पूर्ण पडदा मजकुराला मोकळा मिळतो, पण फोन बराच लांब होतो, वजन वरच्या टोकाला जातं आणि मनगटाला ते जाणवतं. बटणं मात्र पुन्हा २६ च, त्यामुळे मराठीचं गाऱ्हाणं तिथेही तेच. दुसरा प्रकार म्हणजे घडी होणारा ब्लूटूथ कीबोर्ड. तुमच्यासाठी मला हा जास्त पटतो. त्यात अर्धविराम, चौकटी कंस, तिरपी रेघ सगळं असतं, म्हणून फोनमध्ये इनस्क्रिप्ट मांडणी निवडली की ‘डॉक्टर’ सरळ उमटतो. घेताना चिन्हांच्या कळी स्वतंत्र आहेत ना हे मोजून बघा, कारण अगदी लहान घडीच्या कीबोर्डमध्ये त्याच आधी गाळल्या जातात. अडचण उघड आहे: बसायला आणि ठेवायला जागा लागते. उभ्याने, चालताना, एका हाताने लिहिणाऱ्याला तो बिनकामाचा. तुमच्या नोंदी दिवसाच्या शेवटी एका जागी बसून होतात की जागच्या जागी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बसून होत असतील तर माझ्या मते प्रश्न इथेच सुटला.

उभ्याने लिहीत असाल तर काचेकडे वळा. पण आधी काच निर्दोष आहे याची खात्री करा. तुमचा फोन कधी पडून फोल्डर बदललाय का? हलक्या दर्जाच्या फोल्डरमध्ये टचची अचूकता कमी असते, आणि कडेच्या पट्ट्यात स्पर्श मागेपुढे धरला जातो. माणूस स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो. चित्र काढायचं कोणतंही अ‍ॅप उघडा, एका बोटाने पडद्यावर तिरप्या रेघा सावकाश ओढा. रेघ कुठे तुटली, दातेरी झाली किंवा दुसरीकडेच ठिपके पडले तर दुरुस्ती काचेची. चार्जिंग चालू असतानाच असं होत असेल तर चार्जर बदलून बघा, खराब चार्जरचा विद्युत गोंधळ थेट टचमध्ये शिरतो. पडदा मधून किंचित उचलल्यासारखा वाटत असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग टंकनाचं राहू द्या, फोन आधी दाखवा. जाड काचेचा गार्ड लावलेला असेल तर तो काढून दोन दिवस लिहून बघा, किंवा सेटिंगमध्ये टचची संवेदनशीलता वाढवण्याची सोय असेल तर ती चालू करा.

काच ठीक निघाली तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जा. त्याची उंची वाढवा. बहुतेक जण मूळ उंचीवरच लिहीत राहतात, आणि मराठीत तर एकेका रांगेत अक्षरं जास्त असल्याने कळी आणखी बारीक होतात. मजकूर कमी दिसेल, पण खोडणं घटेल. आपोआप दुरुस्ती इंग्रजीला चालू आणि मराठीला बंद, असं भाषेनुसार ठेवता येत असेल तर तसंच ठेवा. मराठीत सुचवण्या राहू द्या, पण शब्द परस्पर बदलू देऊ नका. तुमच्या नोंदींमध्ये पुन्हा पुन्हा येणारी नावं, पदं, ठरलेली वाक्यं वैयक्तिक शब्दकोशात छोट्या खुणेने साठवा, म्हणजे दोन अक्षरांत पूर्ण वाक्य येईल. पुनरावृत्तीच्या लिखाणात सर्वात जास्त वेळ याने वाचतो आणि हेच कोणी करत नाही. कंपन हलकं पण चालू ठेवा. डोमची सर त्याला नाही, तरी कळ लागली एवढं बोटाला समजतं.

आणि बोलून लिहा. गूगलने मराठी श्रुतलेखन ऑगस्ट २०१७ मध्ये आणलं. कच्चा मजकूर बोलून उतरवायचा आणि विरामचिन्हं, नावं, आकडे हाताने नीट करायचे, अशी विभागणी मी स्वतः करतो. गोंगाटात किंवा गोपनीय नोंदींसाठी ते नको, हे वेगळं सांगायला नको.

मग बटणांचा फोन मी कोणाला घे म्हणतो? जवळजवळ सगळं इंग्रजीत लिहिणाऱ्याला, ज्याचं काम ई-मेलच्या छोट्या उत्तरांचं आहे. समोरच्याकडे बघत टिपणं घेणाऱ्याला. एकेका बटणाला एकेक अ‍ॅप बांधून ठेवण्याची हौस असलेल्याला. आणि ज्याच्याकडे बँकेसाठी, फोटोंसाठी दुसरा फोन आहे त्याला. हात थरथरतो म्हणून बटणं हवीत असं सांगत काही जण येतात. त्यांना मी थांबवतो, कारण फोनची बटणं फार बारीक असतात आणि थरथरत्या अंगठ्याखाली दोन-दोन दाबली जातात. त्यांच्यासाठी उंची वाढवलेला पडद्यावरचा कीबोर्ड, स्पर्श किती वेळ टिकल्यावर मोजायचा याची सेटिंग आणि श्रुतलेखन हे जास्त उपयोगी. दिसत नसलेल्यांसाठी अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीत, २०२० पासून पडद्यावरच ब्रेल कीबोर्ड आहे, ब्रेल येणाऱ्यांनी तो आधी वापरून बघावा.

एवढं वाचूनही मन बटणांकडेच ओढत असेल तर घ्या, हौसेला माझी हरकत नाही. फक्त परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहून घ्या आणि त्या मुदतीत फोन पेटीत न ठेवता रोजच्या नोंदी त्यावरच लिहा. पहिल्या दिवशी फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीची कोणती मांडणी मिळते ते बघा, आणि ‘डॉक्टर’, ‘कृपया’, ‘वैशिष्ट्य’, ‘ज्ञानेश्वर’ हे चार शब्द बटणांवरूनच लिहा. बँकेचं अ‍ॅप उघडून एक व्यवहार शेवटच्या पायरीपर्यंत नेऊन बघा. बटणांवर पहिले काही दिवस वेग काचेपेक्षाही कमी भासेल, त्याने निराश होऊन परत करू नका. पण ते चार शब्द पडद्यावरचा कीबोर्ड वर आणल्याशिवाय उमटत नसतील, तर मुदत संपायच्या आत परत करा. मराठीची मांडणी पुढच्या अपडेटमध्ये येईल, या आशेवर तो ठेवून घेऊ नका.